नदीच्या बाजूनं

पिंपळशेंड्यांचा श्रीरंग मला पाहायला आला, तेव्हा त्याच्या पिशवीतून आधी विळा निघाला आणि मग कॅमेरा.

आम्ही वर्धेच्या पात्रात, वाळूत उभे होतो. उन्हाळा लागला होता, पाणी पार पलीकडच्या काठाला जाऊन बसलं होतं, आणि अलीकडच्या कोरड्या वाळूत गिरजाबाईची टरबुजांची वाडी पसरली होती. समोर रेल्वेचा पूल. मुलगा-मुलीनं लग्नाआधी जरा मोकळेपणानं बोलावं म्हणून घरच्यांनी आम्हाला इथं पाठवलं होतं. गिरजाबाई दिवसभर वाडीवरच असते, तिची नजर राहील, एवढ्या भरवशावर आईनं परवानगी दिली होती.

"विळा कशाला?" मी विचारलं.

"फ्रेम साफ करायला," तो म्हणाला. "लोक फोटो काढतात आणि मग झुडपं मधे आली म्हणून रडतात. मी आधी झुडपं काढतो."

आणि पुण्याच्या कारखान्यात इंजिनियर असलेला, दोन्ही घरांच्या मते सोन्यासारखा असलेला तो मुलगा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बेशरमाची झुडपं कापू लागला. तिथवर माझं काही म्हणणं नव्हतं. बेशरमाला कापलं काय आणि ठेवलं काय, ते पुन्हा उगवतंच. पण त्यानंतर त्यानं मान वाकडी करून एका डोळ्यानं पुलाकडे पाहिलं, आणि मी जिच्या सावलीत बसले होते ती बाभळीची फांदी कापली. "सॉरी हं, डावा कोपरा अडत होता," म्हणाला. मी उन्हात बसले.

हा माणूस आदल्या संध्याकाळी आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पोहे खाऊन गेला होता. सोबत त्याचे मामा होते, बलकी मामा, चंद्रपूरचे. मुलीला बघायला आलेली माणसं मुलीला प्रश्न विचारतात. यानं मला एकच विचारला, "तुम्हाला उन्हाचा त्रास होतो का?" मी नाही म्हटलं. त्याचं समाधान झालं आणि त्यानं मांडीवर अल्बम उघडला. त्यात नुसत्या मालगाड्या होत्या. कोळशाच्या, सिमेंटच्या, तेलाच्या टाक्यांच्या, घाटातल्या, पुलावरच्या. माझ्याकडे त्यानं पाहिलं असेल तर पोह्यांची बशी घेताना, तेही बशी सांडू नये म्हणून.

बाबा मात्र त्या अल्बमवर असे वाकले होते की त्यांचा चहा गार झाला.

माझे बाबा, दौलत वासेकर, मालगाडीचे गार्ड. सगळं आयुष्य गाडीच्या शेपटाला लावलेल्या ब्रेकव्हॅनमध्ये गेलं. आमच्या नातेवाइकांत या नोकरीला काडीची किंमत नव्हती. लग्नाकार्यात कोणी ना कोणी पान चघळत विचारायचंच, "काय वासेकर, एक्सप्रेस कधी भेटन? का कोळशासंगच रिटायर होता?" बाबा हसायचे. घरी आल्यावर मात्र लगेच अंथरूण घालून भिंतीकडे तोंड करायचे. असा हा माणूस, आणि त्याच्या दारात पुण्याचा शिकलेला मुलगा येऊन म्हणतो की पॅसेंजर गाड्यांत काय आहे, खरी गाडी म्हणजे मालगाडी! बाबांना त्याच क्षणी जावई मिळाला. माझा होकारच काय तो बाकी होता.

"मग तुम्हाला इंजिन कोणतं मिळतं?" श्रीरंगनं विचारलं.

"आमी मांगं असतो जी," बाबा म्हणाले. "ब्रेकव्हॅनमधी. इंजिन आमाले वळणावरच दिसते."

"अरेरे," श्रीरंग म्हणाला, आणि त्याला खरोखर वाईट वाटलेलं दिसलं.

बाबांना तेही लागलं नाही. उलट तो गेल्यावर आईला म्हणाले, "पाहा, मालगाडीवर इतका जीव लावणारा माणूस मी नाही पाहिला. कुंदा सुखात राहीन त्याच्यापाशी." आई म्हणाली, "पोरीकडं तं पाहिलं नाही त्यानं." बाबा म्हणाले, "लाजला असन."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना ड्यूटीचा बुलावा आला. कोळशाची भरलेली गाडी घेऊन दक्षिणेकडे, म्हणजे आमच्याच पुलावरून. मुलगी दाखवायच्या दिवसांत कोणताही बाप रजा टाकतो. बाबांनी टाकली नाही. त्यांच्या डोक्यात वेगळंच होतं. त्यांनी पेटीतला नवा पांढरा युनिफॉर्म काढला, आईनं केलेली इस्त्री पसंत पडली नाही म्हणून स्वतः पुन्हा केली, बटणं राखेनं घासली, आणि एरवी खुंटीवरच असणारी टोपी डोक्यावर घालून आरशात पाहिलं. निघताना मला दाराशी थांबवलं.

"कुंदे, त्याले सांगजो. नदीच्या बाजूनं उभा राहतो मी. झेंडी घेऊन. पूल सरेपर्यंत तसाच राहतो, म्हणजे त्याले घाई नाही होणार."

"सांगते," मी म्हटलं.

"माह्या गाडीचा फोटो आजवर कोणी काढला नाही," बाबा म्हणाले. हातातला डबा त्यांनी दोनदा इकडचा तिकडे केला आणि निघाले.

वाळूत बसल्या बसल्या मी तो निरोप श्रीरंगला दिला. शब्द न शब्द दिला. बाबांचीच गाडी येतेय, ते शेवटच्या डब्यात आहेत, नदीच्या बाजूनं उभे राहणार आहेत.

"अरे वा!" तो म्हणाला. "म्हणजे गाडी नक्की आहे. कोळसा भरलेला आहे ना? मग इंजिनं दोन लागतील. उत्तम!"

"शेवटच्या डब्यात बाबा असतील," मी पुन्हा म्हटलं.

"हो, हो," म्हणत तो पुन्हा एका डोळ्यानं पुलाकडे पाहू लागला. या वेळी त्याला गिरजाबाईचं बुजगावणं खुपलं.

ते बुजगावणं वाडीच्या मधोमध उभं होतं. माकडांचा त्रास फार, म्हणून गिरजाबाईनं आईकडून बाबांचा एक जुना, विरलेला पांढरा शर्ट मागून नेला होता. काठीला शर्ट, वर मडकं, आणि शर्टाला अजून शाबूत असलेलं एक पितळी बटण. लांबून पाहिलं तर खुद्द बाबाच टरबुजं राखताहेत असं वाटायचं आणि कॉलनीतली माणसं त्यावरून बाबांची गंमत करायची. श्रीरंग वेलींमधून लांब लांब ढांगा टाकत गेला, बुजगावणं उपटलं आणि वाळूत पालथं घातलं.

गिरजाबाई खोपटातून धावत आली. "ओ साहेब! त्याले काऊन उपटलं जी? बंदरं काय तुमी हाकलान?"

"दोनच मिनिटं, मावशी. गाडी गेली की परत लावतो."

"आन् वेल तुडवले ते बी लावान का परत?"

त्यावर त्यानं तिला ओठांवर बोट ठेवून गप्प बसायची खूण केली. लांबून हॉर्न ऐकू आला होता. "आता कोणी बोलू नका," तो म्हणाला. कॅमेऱ्यात आवाज जातो की काय, देव जाणे! गिरजाबाईनं माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर ओढला आणि हळूच विचारलं, "कुंदे, हा तुले पाहाले आला ना?"

"गाडीले," मी म्हटलं.

गाडी काठाच्या बाजूनं नदीला धरून येत होती. आधी झाडांमागून धूळ दिसली, मग दोन इंजिनं, मग काळ्या कोळशानं शिगोशीग भरलेल्या वाघिणी. पुलावर चढली तसा सगळा पूल बोलायला लागला. श्रीरंग वाळूत गुडघ्यांवर बसला. त्या वेळी त्याचा चेहरा खरंच पाहण्यासारखा होता, नाही कशाला म्हणू? लग्नाच्या मुलीकडे कोणी तसं पाहिलं असतं तर ती भाळली असती. कॅमेरा खटखट वाजला. इंजिनं पुलाच्या मध्यावर आली, पुढे गेली, पलीकडच्या काठाला लागली. तो उठला. गुडघ्यांवरची वाळू झटकली.

"झालं," म्हणाला. "काय सुंदर निघालं! चला."

आमच्या कॉलनीत पोर चालायला लागलं की त्याला एक गोष्ट आपोआप कळते. शेवटच्या डब्याच्या पाठीवरची पाटी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रेल्वेत कोणी 'गाडी गेली' म्हणत नाही. मधेच एखादा जोड तुटून अर्धी गाडी मागे राहिली असेल तर? म्हणून स्टेशनातला माणूस झेंडी धरून उभा राहतो, शेवटचा डबा समोरून जाईपर्यंत हलत नाही, आणि त्या डब्यातला गार्ड त्याला उलट झेंडी दाखवतो. मगच गाडी पूर्ण गेली. आई भाजी चिरत असली तरी मागच्या दारातून तेवढं पाहून घेते. आणि हा मालगाड्यांचा मोठा भक्त, याच्या समोरून गाडीचे निम्मे डबेसुद्धा गेले नव्हते.

"थांबा," मी म्हटलं. "गाडी जायची आहे अजून."

"गेली की."

"बाबा यायचे आहेत."

"हो ना," तो म्हणाला, आणि पुलाकडे पाठ करून वाळूत बसून पिवळ्या फडक्यानं कॅमेऱ्याची काच पुसू लागला. पुसताना काचेवर फुंकर घालत होता. किती हळुवारपणे!

वाघिणींमागून वाघिणी जात होत्या. मग पुलाच्या तोंडाशी ब्रेकव्हॅन दिसली. डब्याच्या सज्जात, नदीच्या बाजूनं, बाबा उभे होते. पांढराशुभ्र युनिफॉर्म, डोक्यावर टोपी, एका हातानं कठडा धरलेला, दुसऱ्या हातात हिरवी झेंडी अगदी सरळ धरलेली. इतके ताठ ते स्वतःच्या लग्नातसुद्धा उभे राहिले नसतील. हवेनं टोपी उडेल म्हणून हनुवटी खाली दाबून धरली होती, पण हात खाली घेतला नाही.

"अहो! बाबा आले! फोटो!" मी ओरडले.

"हो, हो," म्हणत त्यानं मान न वळवता एक हात वर केला आणि हलवला. तो हात त्यानं केला कुणाला? इंजिनं गेली त्या दिशेला. तिकडे आकाशाशिवाय काही नव्हतं.

मी ओढणी काढून दोन्ही हातांनी हलवली. पुलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत हलवत राहिले. बाबाही पूल सरेपर्यंत तसेच उभे राहिले, सांगितल्याप्रमाणे. मला रडू यायला लागलं होतं आणि त्या माणसाच्या डोक्यात ते मडकं फोडावं असंही वाटत होतं.

गाडी गेल्यावर तो पिशवी खांद्याला लावून काठाकडे चालू लागला. बुजगावणं पालथंच पडलं होतं. गिरजाबाईनं आणि मी ते उचलून पुन्हा रोवलं. शर्टाची वाळू झटकताना गिरजाबाई म्हणाली, "तुया बापानं किती छान उभं राहून दाखवलं व माय."

घरी पोचेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं, नकार द्यायचा. पण दुसऱ्या दिवशी बाबा ड्यूटीवरून परतले ते चपला काढायच्या आधी विचारू लागले, "निघाला ना?"

"धुऊन आल्याशिवाय कसं कळन, बाबा?"

"हाव, तेही खरं आहे." ते हसले. "पर तू दिसली मले. झकास दिसली."

मग मी काय बोलणार होते? बाबांनी सोबतच्या गार्डांना सांगून टाकलं होतं की त्यांच्या गाडीचा फोटो पुण्याला धुवायला गेला आहे. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांनी खिळा मोकळा केला होता. जेवताना त्या खिळ्याकडे पाहायचे. मी पोळी वाढताना पाहायची तीही तिकडेच, आणि नकार उद्यावर ढकलायची. त्यातच बलकी मामांचा निरोप आला, मुलगी पसंत आहे. कशी पसंत पडली ते मला आजवर कळलेलं नाही. बहुधा उन्हाचा त्रास होत नाही म्हणून.

आठवड्याभरानं मामा-भाचे बोलणी पक्की करायला आले. आईनं पुऱ्या तळायला घेतल्या होत्या. श्रीरंगनं मोठ्या लिफाफ्यातून मोठा केलेला एक फोटो काढला आणि दोन्ही हातांनी बाबांना दिला. "तुमच्यासाठी," म्हणाला. "माझ्या आजवरच्या कामातला सर्वोत्तम आहे."

बाबांनी आधी हात धोतराला पुसले, चष्मा लावला आणि फोटो खिडकीच्या उजेडात धरला. फोटो चांगलाच होता. दोन इंजिनं अंगावर येतील अशी, खाली वाळू, वर आकाश, मागे वळत गेलेल्या वाघिणी. बाबांनी इंजिनावर बोट ठेवलं आणि ते वाघिणींवरून हळूहळू मागे नेलं. बोट फोटोच्या काठाला लागलं. त्यांनी फोटो उलटा करून पाठ पाहिली, पुन्हा सुलटा केला.

"बाकीची गाडी?" त्यांनी विचारलं.

"ती फ्रेमच्या बाहेर गेली."

"दुसऱ्या फोटोत असन."

"नाही, मागचा भाग मी काढतच नाही," श्रीरंग म्हणाला. "त्यात बघण्यासारखं काही नसतं. फिल्म वाया जाते."

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला. बलकी मामांना आधी कळलं. त्यांनी भाच्याच्या मांडीवर चापट मारली. "अरे, वासेकर साहेब होते ना त्यात!"

"कशात?" श्रीरंगनं विचारलं.

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि तो मोकळेपणानं हसला. "हां हां, बरोबर! पण काका, तिथून तुम्ही एवढेसे दिसला असता." आणि त्यानं अंगठा आणि बोट जवळ आणून ते केवढेसे, तेही दाखवलं.

"खरं आहे," बाबा म्हणाले. त्यांनी फोटो लिफाफ्यात नीट सरकवला, लिफाफा त्याच्या हातात दिला आणि चष्मा काढला. "बलकी साहेब, माफ करजा. पोरगी नाही द्याची आमाले."

आई झारा घेऊनच बाहेर आली. "अवो!"

"एका फोटोपायी जी?" मामा उठून उभे राहिले. "काढन ना तो दुसरा! आज काढन!"

"फोटोचं नाही जी," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मी त्यांना तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "मले पुलावरून दिसत होतं. त्याची पाठ होती माह्याकडं. मी म्हटलं, जाऊ द्या, मांगून, पूल सरल्यावर, काढला असन, आपल्याले काय समजते त्यातलं. पर माही पोरगी तिथं ओढणी हलवून राहिली होती. एवढी जवळ. वरडून राहिली होती. पूल सरला तरी त्यानं तिच्याकडं वळून नाही पाहिलं. मालगाडीचं सोडा, आमाले सवय आहे."

श्रीरंगनं माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं, आणि तेही गोंधळून, हिनं कधी ओढणी हलवली बुवा, असं. मी खाली पाहिलं नाही. चांगली सरळ पाहत राहिले.

पुऱ्या त्यांनी खाल्ल्या. आईनं तळलेल्या पुऱ्या खाल्ल्याशिवाय आमच्या घरून शत्रूही जात नाही. श्रीरंगनं तर जेवताना बाबांना विचारलं, की आता येणारी पॅसेंजर वेळेवर आहे का, म्हणजे वाटेत संध्याकाळच्या उजेडात एखादी सिमेंटची गाडी मिळेल. बाबांनी तेही नीट सांगितलं. पाहुण्यांना एकटं कसं पाठवायचं, म्हणून त्यांना सोडायला स्वतः स्टेशनवर गेले.

आईनं तेवढ्या वेळात आदळआपट करून घेतली. एवढं चांगलं स्थळ, पुण्याची नोकरी, आणि या माणसानं कशापायी घालवलं, वगैरे. मी उरलेली कणीक झाकून ठेवली आणि मोलकरणीसारखी मुकाट भांडी घासली. मला इतकं हलकं वाटत होतं की आईनं भांडं फेकून मारलं असतं तरी हसू आलं असतं.

बाबा आले, टोपी खुंटीला लावली आणि ट्रंकेमागचं कॅलेंडर काढून पुन्हा खिळ्यावर टांगलं. महिना बदलला होता, तेवढं पान फाडलं.

"गेले का?" आईनं दात ओठ खात विचारलं.

"गेले," बाबा म्हणाले. "शेवटच्या डब्याची पाटी पाहूनच निघालो मी. पूर्ण गेले."